एकटीनं धावलेलं इथे मोजत नाहीत

केझिक, इंग्लंड
जूनअखेर

तीर्थरूप आई आणि अण्णा यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

मास्तर आणि डॉक्टर उद्या सकाळी निघतील. त्यांच्याच हाती हे पत्र देतेय. ते दोघं घरी येऊन सगळं सांगतीलच, पण मास्तर सांगायला लागले की उभे राहून सांगतात आणि डॉक्टर त्यांना मध्येच थांबवून दुरुस्त करते, तेव्हा तुमच्यापर्यंत किती नीट पोचेल कोण जाणे. म्हणून माझ्याकडून लिहून ठेवते.

आई, फोनवर तू पुन्हा पुन्हा एकच विचारत होतीस, की रात्रभर डोंगरात एकटी कशी गं राहिलीस. अगं, एकटी नव्हतेच. घटकाभरही नव्हते. आणि हे दोघं आले होते म्हणूनच असं नाही, इथली रीतच तशी आहे.

मी धावले ती फेरी अशी. इथे केझिकच्या चौकात मूट हॉल नावाची जुनी मनोऱ्याची इमारत आहे. तिच्या दारातून निघायचं, भोवतालच्या डोंगरांचे ४२ माथे गाठायचे आणि २४ तासांच्या आत परत त्याच दाराला हात लावायचा. अंतर साधारण १०६ किलोमीटर. सगळे चढ मिळून ८,२०० मीटरच्या आसपास, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीला थोडेच कमी. याच गावात गेस्टहाउस चालवणाऱ्या बॉब ग्रॅहम यांनी जून १९३२ मध्ये पायात टेनिसचे बूट घालून ही फेरी २३ तास ३९ मिनिटांत पुरी केली. त्यांच्याही बरोबर मित्र होते. पुढे २८ वर्षं ते कोणालाच जमलं नाही. १९६० मध्ये ॲलन हीटन यांनी करून दाखवलं, आणि मग हळूहळू माणसं येत गेली.

ही शर्यत नाही. ठरलेली तारीख नाही, छातीवर नंबर नाही, बक्षीस नाही. पण फेरी मान्य व्हायची असेल तर प्रत्येक माथ्यावर तुमच्यासोबत दुसरं कोणीतरी हजर असावंच लागतं. त्यामुळे ज्याला फेरी करायची तो आधी माणसं जमवतो. फेरीचे पाच टप्पे असतात. जिथे गाडीरस्ता येतो तिथे सोबती बदलतात, धावणारा मात्र तोच. पाणी, खाणं, जादा कपडे सोबती वाहतात, वाट तेच शोधतात, प्रत्येक माथ्यावर वेळ तेच टिपून ठेवतात. कोणी पैसे घेत नाही. अण्णा, आपल्याकडे पेरणी-काढणीला सावड असते ना, तुम्ही आज आमच्या रानात, आम्ही उद्या तुमच्या, तसंच हे आहे. इथे आल्यापासून मीही इतरांच्या फेऱ्यांना रात्री-अपरात्री गेले आहे, त्यांची ओझी वाहिली आहेत. आता माझी पाळी होती.

टप्प्यांना वाटाडे म्हणून इथल्या धावणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी तयार होतंच. मला मात्र मनापासून वाटत होतं की यात आपलंही माणूस असावं. यवतेश्वरच्या घाटात पहाटे मला धावायला शिकवलं ते मास्तरांनी. ‘चढावर मान खाली, पावलं लहान’ हे त्यांचं वाक्य अजून माझ्या पायात आहे. डॉक्टर तर पहिलीपासूनची मैत्रीण. मी सहज विचारलं आणि दोघं चक्क आले! मास्तरांनी शाळेची सुट्टी धरून तिकीट काढलं, तिनं दवाखाना बंद ठेवला. लंडन बघायचं का म्हटलं तर दोघांनाही नको होतं. थेट डोंगर दाखव म्हणाले.

आल्या आल्या मास्तरांनी नकाशा मागितला. इंग्लंडमधला सगळ्यात उंच डोंगर स्कॅफेल पाइक ९७८ मीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासून आपल्या अजिंक्यताऱ्याहूनही कमीच. पण सातारा मुळातच उंचावर आहे आणि केझिक जेमतेम ऐंशी मीटरवर, त्यामुळे इथे प्रत्येक डोंगर तळापासून चढावा लागतो. त्यात पायऱ्या नाहीत, बऱ्याच ठिकाणी मळलेली वाटही नाही. ओलं गवत, चिखलाची दलदल, सुटे धोंडे. पाऊस महाबळेश्वरच्या निम्मा असेल, पण तो बारा महिने येतो आणि हाडं गोठवतो. आपल्याकडे कातळावर पाय धरतो, इथे ओल्या गवताच्या उतारावर धरत नाही. मास्तर रोज संध्याकाळी घरामागच्या टेकडीवरून वर-खाली करून तो उतार शिकले. त्या वयात, इतक्या नेटानं, केवळ माझ्या एका रात्रीसाठी.

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता निघालो. मास्तर आणि इथली एक वाट दाखवणारी मैत्रीण माझ्याबरोबर. स्किडॉ, मग दलदल तुडवत ग्रेट कॅल्वा, मग ब्लेनकॅथ्रा. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. ब्लेनकॅथ्रावरून हॉल्स फेल नावाच्या अरुंद धारेवरून उतरायचं असतं, दोन्ही बाजूंना दरी. तिथे मास्तर एकदम घरच्यासारखे सैल झाले. पायाखाली दगड आला ना! खाली थ्रेलकेल्ड गावाच्या क्रिकेटच्या मैदानाजवळ डॉक्टर गाडी घेऊन उभी होती. चहा, केळं, कोरडे मोजे, आणि पुढचे दोघं सोबती पाठीवर सामान घेऊन तयार. तिथे पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही असं ठरलं होतं आणि तिनं थांबू दिलंही नाही.

दुसरा टप्पा रात्रीचा. आई, तुला ज्याची भीती वाटते तो हाच. क्लफ हेडचा चढ इतका उभा की हात टेकून चढावं लागतं, मग वर लांबच लांब गवताळ सोंड, हेल्वेलिनपर्यंत आणि पुढे. हेल्वेलिनच्या अलीकडे धुकं आलं. धुक्यात डोक्यावरचा दिवा कामाचा नाही, उजेड तिथल्या तिथे परत डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून दिवा काढून कमरेशी हातात धरायचा, मग जमीन दिसते. पुढचा होकायंत्र पाहून दिशा धरतो, मागचा पावलं मोजतो, मी मधे. कोणी फारसं बोलत नाही. दर थोड्या वेळानं मागचा माझ्या हातावर काहीतरी ठेवतो, राजगिऱ्याच्या वडीचा तुकडा, मिठाची गोळी, आणि मी ते खाल्लं की नाही हे खात्री करून घेतो. भूक मेलेली असते, तरी खावंच लागतं. चोवीस तासांत पाय दमण्याआधी पोटच संप करतं, आणि पोटात काही राहिलं नाही की थंडी चढते. फेअरफील्डला खिंडीत पाठपिशव्या ठेवून नुसतंच वर जाऊन यायचं असतं. त्या चढावर मला मनापासून आनंद झाला होता. अंधारात तीन दिवे एका ओळीत, आणि तिघांचा श्वास एका लयीत. त्या दोघांना मी धड दोन वर्षंही ओळखत नाही. तरी दिवसभर कामं करून ती माणसं तिथे होती.

पहाटे पावणेचारच्या सुमाराला डनमेल रेझच्या रस्त्यावर उतरलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. डॉक्टरनं तिथे गाडीच्या आडोशाला छोट्या स्टोव्हवर मऊ भात केला होता. वर तूप आणि तू पाठवलेलं मेतकूट. आई, सारी रात्र गोड खाऊन तोंड आंबून गेलं होतं. तो भात पोटात गेला आणि अंगात ऊब आली. इथल्या सोबत्यांनीही वाटीभर खाल्ला आणि मेतकुटाचा डबा हातात घेऊन वास घेत बसले. पुढच्या वेळी जास्त पाठव, दोघांनी मागितलं आहे.

तिसरा टप्पा सगळ्यात लांब, त्याचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यातलं बरंचसं मला दगडांशिवाय काही आठवत नाही. लँगडेलचे सुळके, बोफेल, मग ब्रॉड क्रॅगच्या आसपास टेबलाएवढे धोंडे एकमेकांवर पडलेले, त्यावरून उड्या. स्कॅफेल पाइकवरून समोर दिसणाऱ्या स्कॅफेलला सरळ जाता येत नाही, मधे कडा आहे. काहीजण दोर लावून चढतात. आम्ही खाली उतरून फॉक्सेस टार्नच्या घळीतून फिरून गेलो. वेळ जास्त लागतो, पण सोबत्यांनी तसं आधीच ठरवलं होतं आणि ते योग्यच होतं.

वॉसडेलला पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. दोन्ही तळपायांना फोड, मांड्या दगड झालेल्या. अनेकांच्या फेऱ्या इथेच संपतात, कारण इथून पुढे यूबॅरो नावाचा डोंगर खुर्चीतून मान वर करूनच बघावा लागतो. मी खुर्चीत बसले आणि उठण्याची इच्छा गेली. डॉक्टरनं माझ्याशी काहीही चर्चा केली नाही. गुडघ्यावर बसून तिनं माझे बूट काढले, पाय धुतले, फोड फोडून पट्ट्या लावल्या. शाळेत कवायतीला रडवेली झाले की माझी वेणी जितक्या शांतपणे घट्ट करून द्यायची, तितक्याच शांतपणे. मग मास्तरांकडे बघून म्हणाली, “पाय ठीक आहेत. न्या हिला.” मास्तर पिशवी पाठीवर टाकून उभेच होते. मी उठले.

अण्णा, ही वॉसडेलची दरी तुम्हाला आवडली असती. दगडी गडग्यांची छोटी छोटी रानं, आणि सगळीकडे हर्डविक जातीच्या मेंढ्या. कोकरू जन्मतं तेव्हा काळं असतं आणि वाढेल तसं करडं होत जातं. डोंगराला कुंपण नाही तरी प्रत्येक कळप आपापल्या भागात चरतो, कारण कुठवर जायचं ते कोकरू आईबरोबर फिरून शिकतं. जॉस नेलर याच दरीतले मेंढपाळ. १९७५ मध्ये त्यांनी २४ तासांच्या आत ७२ माथे केले. २०२४ मध्ये, ८८ व्या वर्षी ते गेले. त्यांचं नाव इथे अजूनही सगळे घरच्या माणसाचं घ्यावं तसं घेतात. मला ते माणूस म्हणून फार मोठे वाटतात. दिवसभर रानात राबायचं आणि उरलेल्या वेळात हे.

यूबॅरोवर मास्तर माझ्या दोन पावलं पुढे राहिले, एकदाही तीन झाली नाहीत. जुनंच वाक्य, मान खाली, पावलं लहान. पुढे रेड पिक, स्टीपल, पिलर, कर्क फेल. दुपारी ग्रेट गेबलच्या माथ्यावर पोचलो. तिथे खडकात एक ब्राँझची पाटी बसवलेली आहे, पहिल्या महायुद्धात मेलेल्या इथल्या गिर्यारोहकांची नावं. १९२४ मध्ये तिचं अनावरण झालं आणि अजूनही दर नोव्हेंबरला लोक डोंगर चढून तिथे जमतात. मास्तर अपशिंग्याचे, त्यांच्या गावात त्याच युद्धाचा स्तंभ आहे, घराघरात फौजी. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी पाटी पाहिली, घड्याळात बघून वेळ लिहून घेतली, टोपी काढून क्षणभर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “चल.” मीही तशीच उभी राहिले होते. मला त्या क्षणी फार भरून आलं. साताऱ्याच्या गावातली आणि या डोंगरातली पोरं एकाच युद्धात गेली, आणि शंभर वर्षांनी आम्ही दोघं तिथे उभे.

होनिस्टरला डॉक्टरनं बूट बदलले. इतका वेळ दुसऱ्यांना खाऊ घालणारी ती, आता स्वतः धावायला. शेवटचा टप्पा तिचा. डेल हेड, हिंडस्कार्थ, रॉबिन्सन, आणि मग फक्त उतार आणि डांबरी रस्ता. रस्त्यावर ती सारखी बोलत होती. शाळा, बाईंचा मार, तिच्या दवाखान्यातल्या आज्या. मी उत्तर देत नव्हते, तिला त्याची गरजही नव्हती. चौकात शिरताना पाहिलं तर पाचही टप्प्यांची माणसं तिथे उभी होती, रात्रीचे ते दोघंसुद्धा. सातला थोडाच वेळ कमी असताना दाराला हात लागला. मास्तर रडले. त्यांनी आणलेले कंदी पेढे तिथेच चौकात वाटले, अनोळखी लोकांनाही.

आता तब्येत उत्तम आहे. पायाचं एक नख गेलं, ते येईल. डॉक्टरनं तपासून झालंय, तिला विचार.

मास्तरांच्या बॅगेत अण्णांसाठी लोकरीची बंडी आहे, इथल्याच मेंढ्यांची. जरा खरखरीत आहे, शर्टावरून घाला. आई, तुझ्यासाठी पायमोजे. माउलींची पालखी लोणंदला येईल तेव्हा तू जाशीलच, पण या वर्षी काकूंना बरोबर घेऊन जा आणि उन्हात उभी राहू नकोस. अण्णांनी रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्यावी, राहिली की संध्याकाळी घेईन असं नको.

पुढच्या शनिवारी इथल्या शाळेतल्या एका शिक्षिकेची फेरी आहे. तिचा दुसरा टप्पा, रात्रीचा, माझ्याकडे आहे. त्यामुळे शनिवारी फोन लागणार नाही. रविवारी दुपारी झोप झाली की मीच करीन.

तुमची लेक