दिलासा नेमका कोणाला?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

'धरणांत पुरेसा साठा, पुणेकरांना दिलासा' हे आपल्या कालच्या अंकातील पहिल्या पानावरचे शीर्षक वाचून हे पत्र लिहीत आहे. बातमीतील टक्केवारी चुकीची आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. मात्र मी एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे आणि शेकडेवारीचा धडा सुरू करताना मुलांना पहिला प्रश्न हाच विचारत असे की, शेकडा म्हणजे कशाचा शेकडा? खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून उपयुक्त क्षमता २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि तीत पुण्याच्या नळांबरोबर हवेली, दौंड, इंदापूरकडे जाणाऱ्या कालव्याचाही वाटा आहे. कालव्यातून शेतीला द्यायचे उन्हाळी आवर्तन अद्याप सुटायचे आहे आणि पुढचे तीन महिने उन्हाने आटणारे पाणी वेगळेच. आपल्या वार्ताहराने मात्र सगळा साठा शहराच्या नावावर जमा धरून '१५ जुलैपर्यंत चिंता नाही' असा निर्वाळा देऊन टाकला आहे. वाण्याची उधारी आणि घरभाडे वजा करण्याआधीच पगाराचा आकडा पाहून खूश होणारी माणसे मी पाहिली आहेत, पण ती निदान ते पहिल्या पानावर छापत नाहीत.

'दिलासा' हा शब्द वाचून मला २०१६ चा मार्च आठवला. त्या वर्षी पुण्यात एक दिवसाआड पाणी येत होते आणि आम्ही सारेच त्याबद्दल अतिशय दुःखी होतो. शिमग्याला मी पुरंदरच्या पूर्व भागात धाकट्या बहिणीकडे गेलो. दारात पोचताच तिने पाय धुवायला तांब्याभर पाणी आणले आणि त्याबरोबर एक घमेलेही आणून ठेवले. "दादा, यात उभा राहून धू," असे ती म्हणाली. मला वाटले, अंगण नुकतेच सारवले असावे. मी पाय धुतल्यावर तिने ते घमेले उचलून परसातल्या अंजिराच्या बुंध्याशी ओतले. चार झाडे होती आणि आलेल्या पाहुण्याचे पाणी कोणत्या झाडाला जायचे याची पाळी ठरलेली होती. गावात टँकर तिसऱ्या दिवशी येई, तो सगळे पाणी विहिरीत ओतून निघून जाई आणि मग बायका पोहऱ्याने ते शेंदून काढत. जेवताना मी पुण्याच्या पाणीकपातीची कहाणी सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "पण ज्या दिवशी येतं, त्या दिवशी किती वेळ येतं?" चारेक तास, असे मी सांगितले. "चार तास! मग एवढे हंडे ठेवता तरी कुठं?" ती चेष्टा करत नव्हती, तिला खरोखरच तो प्रश्न पडला होता. त्यावर काय बोलावे हे मला तेव्हा सुचले नाही आणि आजही सुचत नाही.

ज्या मुळा-मुठेत आपण आपले सांडपाणी सोडतो, तेच पाणी पुरंदर उपसा योजनेतून उचलून त्या तालुक्यातील शेतांना दिले जाते आणि शेतकरी त्यासाठी पैसे मोजतात. म्हणजे आपण वापरून टाकलेले पाणी ते विकत घेतात, आणि स्वच्छ पाण्याची बातमी छापताना मात्र आपल्याला त्यांची आठवण होत नाही. इकडे आमच्या गल्लीतील व्हॉल्व्ह संक्रांतीपासून गळतो आहे. रीतसर तक्रार नोंदवल्यावर एक गृहस्थ येऊन त्याचा फोटो काढून गेले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर 'तक्रारीचे निराकरण झाले आहे' असा संदेश आला. व्हॉल्व्हला तो संदेश अद्याप मिळालेला दिसत नाही.

बातमीच्या शेवटी 'यंदा पाऊसही सरासरीइतका होण्याची चिन्हे आहेत' असे एक वाक्य आहे. ही चिन्हे कोणी पाहिली, हे कळल्यास बरे होईल. हवामान खात्याचे शिवाजीनगरचे कार्यालय, ज्याला जुने पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात, आपल्या वार्ताहरास ठाऊक असेलच. खात्याचा मोसमी पावसाचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये येतो, आणि प्रशांत महासागराचे पाणी तापवून आपला पाऊस बिघडवू शकणाऱ्या एल निनोचा कल मार्चमध्ये ओळखणे जगभरच्या शास्त्रज्ञांनाही जड जाते. शिवाय सरासरी हाही माझ्याच विषयातला शब्द आहे. २०२३ च्या पावसाळ्यात देशात सरासरीच्या ९४ टक्के पाऊस पडला, म्हणजे कागदावर तूट अवघी सहा टक्क्यांची. त्याच वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला आणि ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत आपल्या जिल्ह्यातले पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर आणि शिरूर असे पाच तालुके होते. सरासरी चुकली नव्हती, ती फक्त या तालुक्यांत पडली नव्हती.

माझी विनंती अगदी साधी आहे. धरणसाठ्याच्या चौकटीत पूर्वी 'गतवर्षी याच दिवशी' असा एक रकाना असे, तो आपण का काढलात हे समजत नाही. तो पुन्हा सुरू करावा. त्याच चौकटीत भीमेवरील उजनी धरणाचा आकडाही द्यावा. उजनीचा मृतसाठाच, म्हणजे उपयुक्त साठ्यात न धरले जाणारे तळाचे पाणी, सुमारे ६३ टीएमसी असल्यामुळे तिची टक्केवारी उन्हाळ्यात शून्याखाली जाते, आणि 'उणे' साठ्यातून पाणी काढून पिणारी माणसे याच भीमेच्या काठी राहतात, हे शहरातल्या वाचकांना रोज सकाळी चहाबरोबर दिसावे. पूर्वेकडील तालुक्यांत किती टँकर सुरू आहेत, ही संख्याही त्याखाली एका ओळीत मावेल. होळीच्या रेन डान्सच्या जाहिरातीला आपण कालच्याच अंकात अर्धे पान दिले आहे, तेव्हा जागेची अडचण नसावी.

पत्र लांबले आहे, याची मला जाणीव आहे. काटछाट करणे आवश्यकच असल्यास व्हॉल्व्हचा मजकूर काढावा, परंतु उजनीचे वाक्य राहू द्यावे. मागील वर्षी माझ्या पत्रातून आपण नेमके तेच वगळले होते.

आपला,
एक जुना वर्गणीदार
सहकारनगर, पुणे