टॉकीज पाडण्यापूर्वी निदान नोंद तरी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावातील एकपडदा टॉकीज बंद पडले आणि त्या जागी व्यापारी संकुल उभे राहिले, ही बातमी आता इतकी नित्याची झाली आहे की तिच्यावर कोणी पत्रही लिहीत नाही. म्हणूनच फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील ला सिओता या जहाजबांधणीच्या छोट्या शहरातील ‘एडन’ चित्रपटगृहाची हकिकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

हे थिएटर १८८९ मध्ये गाण्या-नाटकांसाठी उघडले; तेथे कुस्त्याही होत. चलच्चित्रे टिपण्याचे व दाखवण्याचे यंत्र काढणाऱ्या लुमिएर बंधूंच्या वडिलांची वाडी याच शहरात होती आणि थिएटरच्या मालकाशी त्यांचा स्नेह होता. त्यातूनच मार्च १८९९ मध्ये तेथे तिकीट लावून चलच्चित्रांचा खेळ झाला. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवलेल्या लुमिएरांच्या चित्रांपैकी समुद्रस्नानाचे दृश्य ला सिओताच्याच किनाऱ्यावर टिपलेले होते. वॉटसनमधील खेळांनी भारावलेल्या मुंबईच्या छायाचित्रकार सावेदादा भाटवडेकरांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. तिकडे कुस्तीच्या थिएटरात सिनेमा शिरला आणि इकडे सिनेमात कुस्ती, ही गंमत जाता जाता नोंदवतो.

१९८२ मध्ये मालकाचा खून झाला आणि एडनमधील नियमित खेळ थांबले. त्याच दशकात शहराला पोसणारा जहाजांचा कारखानाही बंद पडला. अशा पडत्या काळात, १९९२ मध्ये, नगरपालिकेने ही इमारत विकत घेतली, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुढे तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला, तरी १९९५ नंतर ती कुलूपबंदच होती. स्थानिक नागरिकांनी संस्था स्थापून पाठपुरावा केला आणि ला सिओता ज्यात येते तो मार्सेय परिसर युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरला त्या वर्षी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, एडन पुन्हा सुरू झाले.

आपल्या नगरपालिकांनी टॉकीज विकत घ्यावीत, अशी माझी मागणी नाही. पुष्कळ ठिकाणी त्यांना स्वतःचे नाट्यगृहसुद्धा धड राखता आलेले नाही. परंतु १९५३ च्या सिनेमा नियमन कायद्याप्रमाणे जिल्ह्यातील टॉकीजचे परवाने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून दिले जातात. त्या फायलींमध्ये इमारतींचे नकाशे, आसनसंख्या आणि मालकीतील बदल अशी माहिती असणार. परवाना रद्द झाल्यावर या फायली रद्दीत न घालता पुराभिलेखागाराकडे सोपवाव्यात आणि इमारत पाडण्याची परवानगी देण्यापूर्वी प्रोजेक्टरच्या खोलीसह तिची छायाचित्रे घेणे बंधनकारक करावे. प्रकाशासाठी कार्बनच्या कांड्या पेटवून प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या मुलाखती नोंदवण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना याच वर्षी हाती घेता येईल. त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आपला,
एक वाचक