पानांचे नंबर लावताना पुढचं शून्य विसरू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयातली जुनी इतिवृत्तं, सभासदांच्या वह्या असं सगळं आम्ही तिघं-चौघं मोबाईलवर फोटो काढून ठेवतोय. १९५६ ला आपला भाग म्हैसूर राज्यात गेला त्या काळातले मराठीतले ठराव त्यात आहेत, कागद तर हात लावला की तुकडे पडतात असा झालाय. हल्ली निपाणी, चिकोडी, बेळगाव सगळीकडेच पोरं घरातले जुने कागद स्कॅन करायला लागलीत म्हणून हे मुद्दाम लिहितोय, कारण फोटो काढणं सोपं आहे, घोळ होतो तो फायलींना नंबर देताना.

आमचं काय झालं, दोन मोबाईलवर फोटो काढले, दोन्हींचे नंबर एकपासून, आणि मी शेलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करून कॉम्प्युटरकडून काम करून घेतात तिथं, छोटी स्क्रिप्ट (कमांडांची यादी) लिहून सगळे एकाच फोल्डरात नवीन नावांनी हलवले. फाईल हलवणारी, नाव बदलणारी एमव्ही (mv) कमांड त्याच नावाची फाईल आधीच असली तरी काही न विचारता तिच्यावर दुसरी लिहून टाकते. एका वहीची निम्मी पानं गेली. ती वही परत उघडावी लागली आणि तिची शिवण आणखी उसवली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. वाचनालयातले काका म्हणाले, "काय करूलालास रे, सावकाश कर की." तेव्हापासून मी एमव्हीला मायनस एन (-n) लावल्याशिवाय हात लावत नाही, मग आधीची फाईल तशीच राहते. आणि पहिल्यांदा एमव्हीच्या पुढे नुसतं इको (echo) लावून चालवतो, कुठलं नाव कुठल्या नावाचं होणार ते स्क्रीनवर दिसतं, बदलत काहीच नाही. हे सगळं कॉपीवर, मूळ फोटो वेगळ्या पेनड्राईव्हवर.

दुसरं म्हणजे पुढचं शून्य. पान१, पान२ अशी नावं दिली तर विंडोजमध्ये ओळीत दिसतात म्हणून आपण निवांत असतो, पण शेल अक्षरांप्रमाणे लावतं, म्हणजे १ नंतर १०, मग १००, आणि २ कुठंतरी खाली, आणि त्याच क्रमाने पीडीएफ केली की ठरावाची सुरुवात एकीकडं नि सह्या भलतीकडं. म्हणून ०००१, ०००२ असे चार आकडे ठेवा, आकडा हव्या त्या रूपात लिहून देणाऱ्या प्रिंटएफ (printf) कमांडमध्ये टक्का शून्य चार डी (%04d) लिहिलं की झालं. पण मोजणी साध्या आकड्यानेच करा, शून्य फक्त नाव बनवताना लावा, कारण शून्याने सुरू होणारा आकडा बॅश (मी वापरतो ते शेल) दहाऐवजी आठच्या पायावर मोजलेला समजतं, ०८ ला एरर देऊन थांबतं ते तरी बरं, ०१० ला गुपचूप आठ धरतं ते जास्त वाईट. आणि हे आकडे इंग्रजीच टाईप करा, मराठी आकडे त्याला कळत नाहीत.

व्हॉट्सॲपवरून कॉम्प्युटरवर उतरवलेल्या फोटोंच्या नावात स्पेस असतात, तिथं स्क्रिप्टमध्ये फाईलचं नाव धरून ठेवणाऱ्या व्हेरिएबलला डबल कोट नसतील तर एका नावाचे अनेक तुकडे होतात.

आपल्या पेपरात हे छापून आलं तर शाळा-कॉलेजातली पोरं सुट्टीत असलं काम करायला बसतात त्यांच्यापर्यंत पोचेल, त्यांच्या घरातल्या वह्या दुसऱ्यांदा उघडायला लागू नयेत एवढंच.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव