शब्दकोड्याचं उत्तर आठ दिवसांनी, आणि आईचं गुपित लगेच?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला तो टीव्ही मालिकांवरून निघणाऱ्या हेरकथांवरचा लेख वाचला. म्हणजे माझ्या आधी माझ्या पोरीने वाचला आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. एरवी ती तुमच्या पुरवणीत फक्त राशिभविष्य बघते. तिची रास मीन, म्हणजे सगळ्यात शेवटी, आणि मीनच्या बरोबर खाली तुम्ही हा लेख लावलात. भविष्यात काय होतं माहिती आहे? "आज मनासारखी बातमी कळेल."

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसतीच भांडायला आली. एलिअस ही अमेरिकन हेरमालिका आठवणारं कुणीतरी अजून आहे हे बघून खरंच बरं वाटलं. २००४ साली मी बीए सेकंड इयरला होते तेव्हा पुण्याच्या मामेभावाने सीड्यांचा एक गठ्ठा आणि त्या मालिकेवरची दोन पुस्तकं आणून दिली होती, त्या सीड्या आम्ही तिघी मैत्रिणींनी शहापुरातल्या एकीच्या घरी दुपारी दारं लावून बघितल्यात, तिच्या आजीला वाटायचं पोरी अभ्यास करतात. त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे आणि म्हणूनच राग जास्त आलाय.

तुमच्या लेखकमहाशयांनी लिहिलंय की कादंबरी गाजली म्हणून तिची मालिका झाली. उलटं आहे हो. मालिका सुरू झाली सप्टेंबर २००१ मध्ये आणि कॉलेजच्या पोरापोरींसाठीची ही पुस्तकं यायला लागली २००२ पासून, तीही मालिकेच्या आधीची गोष्ट सांगणारी. मालिकेत सिडनी ब्रिस्टो तयार हेर आहे, विग बदलते, भाषा बदलते, मारामाऱ्या करते. पुस्तकात ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, बुजरी, खोलीत फ्रान्सी नावाची मैत्रीण, आणि एक माणूस येऊन सांगतो की सरकारसाठी काम करशील का. एवढं तरी मुखपृष्ठाच्या मागचं वाचून लिहायचं होतं.

पण ते जाऊ दे, चुका कुणाच्या होत नाहीत. माझी खरी तक्रार तिसऱ्या परिच्छेदाची आहे.

माझी मुलगी पीयूसी फर्स्टला, म्हणजे अकरावीला, सायन्स. तीन वर्षांत अभ्यासाचं सोडून एक पुस्तक तिने हातात घेतलेलं मी बघितलं नाही. मे महिन्यात माळा आवरताना ती जुनी दोन पुस्तकं निघाली, पानं पिवळी पडलेली, एकाला तर कव्हरच नाही. म्हटलं बघ वाचून. आणि काय सांगू, वाचायला लागली की! जेवताना वाचायची, क्लासला जाताना सिटी बसमध्ये वाचायची, एकदा आरपीडी क्रॉसला उतरायचं विसरून पुढे गेली.

तिला पुस्तक देताना मी एक गोष्ट विचार करून केली होती. पहिलं गुपित मीच सांगून टाकलं, की ही पोरगी समजते की आपण सीआयएसाठी काम करतोय पण तसं नाहीये, एसडी-६ नावाचं हे ऑफिस सीआयएचं नाहीच, भलत्याच लोकांचं आहे. मालिकेच्या पहिल्याच भागात हे उघड होतं, त्यामुळे त्यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. उलट ते माहीत असल्याशिवाय पुस्तकात मजाच नाही. पुढे पाच सीझन, १०५ भाग जी बाई जिवंत राहणार आहे तिला पुस्तकात मरणाची भीती दाखवून कोण घाबरणार? मग वाचायचं कशासाठी, तर ती किती मनापासून खोट्या माणसांवर विश्वास ठेवते ते बघायला. प्रत्येक वेळी बॉसने शाबासकी दिली की आपल्या पोटात गोळा येतो, कारण आपल्याला माहिती असतं आणि तिला नसतं. "मालिका संपली की ह्या पुस्तकांना अर्थ उरत नाही, ही उरलेल्या भाताची फोडणी" असं तुमचे लेखक म्हणतात ना, त्यांना हे समजलेलंच नाही. आणि फोडणीच्या भाताला नावं ठेवणाऱ्या माणसाने तो सकाळी कधी खाल्ला नसावा.

दुसरं गुपित मात्र मी पोटात ठेवलं होतं. आईचं. पुस्तकात आणि मालिकेच्या सुरुवातीलाही आपल्याला एवढंच माहिती असतं की सिडनी सहा वर्षांची असताना तिची आई गाडीच्या अपघातात गेली. माझी पोरगी रोज रात्री विचारायची, "मम्मी, आईचं काहीतरी आहे ना गं?" मी म्हणायचे, "वाच की तू." पुस्तकं संपली की दिवाळीच्या सुट्टीत दोघींनी मिळून मालिका बघायची असं ठरलं होतं, आणि त्यात तो प्रसंग आला की तिचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं, खोटं कशाला सांगू, वीस वर्षांपूर्वी माझं झालं होतं तसं.

आणि तुमच्या लेखकांनी त्या तिसऱ्या परिच्छेदात ते एका ओळीत सांगून टाकलं. एका ओळीत! वर तुम्ही ती ओळ चौकटीत घेऊन ठळक अक्षरात छापलीत, म्हणजे ज्याला लेख वाचायचा नाही त्यालाही कळावं. साहेब, तुमच्या शब्दकोड्याचं उत्तर तुम्ही पुढच्या रविवारपर्यंत जपून ठेवता. "आडवे ७ : कोकणातील एक फळ" ह्याचं उत्तर आठ दिवस तिजोरीत, आणि माणसाच्या आईचं गुपित चौकटीत. काय बोलायचं आता.

सिडनीच्या वडिलांचाही उल्लेख आहे लेखात, पण तो सुदैवाने अर्धवटच. जॅक ब्रिस्टो लोकांना सांगतो की मी विमानाचे पार्ट विकतो. आता आमच्या घरची गंमत अशी की आमचे हे हत्तरगीला विमानाचे पार्ट बनतात तिथंच इन्स्पेक्शनला आहेत. ते पान वाचल्यावर पोरीने जेवताना बापाला सरळ विचारलं, "पप्पा, तुम्ही खरंच हत्तरगीलाच जाता ना?" ह्यांनी मान वर न करता कन्नडमध्ये "गोत्तिल्ल", म्हणजे माहीत नाही, म्हटलं आणि भाकरी पुढे मागितली. तेव्हापासून घरात कुणाला काही विचारलं की तेच उत्तर येतं. अशी मजा चालली होती हो आमच्यात महिनाभर, एका पुस्तकावरून.

शेवटी लेखकांनी उपदेशही केलाय की बहिर्जी नाईक असताना आपल्या मुलांना परदेशी हेर कशाला. बहिर्जींबद्दल आम्हाला काय कमी आदर आहे काय? पण ज्यांच्या हातात चौथीला शिवछत्रपतींचं पुस्तक पडलं त्यांना हे लिहायला सोपं आहे, आमची पोरं मराठी शाळेत गेली तरी अभ्यासक्रम कर्नाटकाचा. बहिर्जी त्यांना घरी सांगावे लागतात, मी सांगितले, पोरीने विचारलं, "ह्यांच्यावर असं जाड पुस्तक आहे का गं, कॉलेजच्या मुलांसाठी?" मला तरी आमच्या गल्लीतल्या लायब्ररीत सापडलं नाही. तुमच्या लेखकांनी लिहावं की, आम्ही पहिली प्रत विकत घेऊ. फक्त शेवट प्रस्तावनेत सांगू नका म्हणावं. आणि वेष बदलून चार भाषा बोलायचं कौतुक आमच्या पोरांना सांगायलाच नको, रविवार पेठेत भाजी घेताना मराठी, बसच्या कंडक्टरशी कन्नड, रिक्षावाल्याशी हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी, हे रोजचंच आहे.

लिहायला बसलेच आहे तर अजून एक. गेले तीन रविवार "आज शहरात" ह्या सदरात कोल्हापूरचे कार्यक्रम छापून येताहेत. बेळगावच्या अंकात. मागच्या रविवारी एक नाटक बघून मी खूश झाले, तिकिटाचा फोन लावणार तेवढ्यात खाली पत्ता दिसला. आम्ही काय निपाणी ओलांडून नाटकाला जायचं?

पोरीचं पुस्तक सध्या फ्रिजवर पडून आहे. ११२ व्या पानात बसचं तिकीट खोचलेलं आहे ते तसंच. काल रात्री विचारलं, वाचणार नाहीस का, तर म्हणाली, "आता काय, आईचं कळलंच की." दिवाळीला मालिका बघायची का हे विचारायचं धाडस अजून मला झालेलं नाही.

कळावे,
एक वाचक (आणि एका वाचणाऱ्या मुलीची आई)
वडगाव, बेळगाव

ता. क. पत्र छापलंत तर आभारी राहीन. पण वाचकांच्या सोयीसाठी म्हणून मध्येच कंस घालून आईचं ते गुपित परत सांगू नका. आमच्या शेजारच्या वैनींनी दुसरं पुस्तक कालच वाचायला नेलंय.