मित्रास पत्र: आधी परतीचं तिकीट

छत्रपती संभाजीनगर

प्रिय बालाजी,

सप्रेम नमस्कार.

परभणीची दहा पोरं आणि सोबतीला एक मोठा माणूस घेऊन अंधेरीला आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, फुटबॉल मॅच बघायला जायलास, हे वाचून बरं वाटलं. पोरांचा जीव सुनील छेत्रीच्या बंगळूर संघावर, म्हणून मुंबईच्या मैदानावर पाहुण्यांच्या स्टँडमध्ये बसायचं म्हणतोस. बसा की. पण ‘कोणती मॅच चांगली?’ हा तुझा प्रश्न उलटा आहे गड्या. मॅच ठरवून गाडी शोधायची नसते. शेवटच्या शिट्टीनंतर घराकडं निघणारी गाडी आधी शोधायची, आणि तिला जी मॅच जुळेल ती बघायची. अवे मॅचचे, म्हणजे परक्या मैदानावरच्या मॅचचे, हाल जाताना होत नाहीत, येताना होतात. जाताना अंगात रग असते, डब्यात दशम्या असतात आणि ०-३ चा निकाल लागायचा असतो.

तसं आपल्या मराठवाड्याला सगळंच अवे. पुण्याचा क्लब २०१९ मध्ये बंद पडला, त्याच्या जागी हैदराबाद आलं. नांदेडकरांना वाटलं, चला, जवळ आलं काहीतरी. तर २०२५ मध्ये तेही दिल्लीला गेलं. म्हणून गाड्यांचं गणित आपल्याला लीगच्या पॉइंट टेबलापेक्षा जास्त पाठ पाहिजे.

आता ते गणितच मांडतो. आयएसएलची मॅच बहुधा संध्याकाळी साडेसातला असते. एका दिवशी दोन असतील तर पहिली पाचला. ४५ अधिक १५ अधिक ४५, आणि दोन्ही हाफचा मिळून आठ-दहा मिनिटांचा जादा वेळ. साडेसातची मॅच ९ वाजून २५ मिनिटांच्या आसपास संपते. देवगिरी एक्सप्रेस सीएसएमटीहून नऊ-साडेनऊच्या सुमारास सुटते, लातूर एक्सप्रेस नऊच्या आगेमागे. म्हणजे पंच शिट्टी वाजवतो तेव्हा आपल्याकडच्या रात्रीच्या गाड्या निघून गेलेल्या असतात किंवा निघायच्या बेतात असतात. नंदीग्राम तर संध्याकाळी साडेचारलाच गेलेली.

यावर सगळेजण एक तोड काढतात, कल्याणला गाडी पकडायची. मैदानापासून आझाद नगर मेट्रो स्टेशन जवळ, तिथून मेट्रो थेट घाटकोपरला, आणि घाटकोपरला पुलावरूनच मध्य रेल्वेच्या लोकलला. दादरला उतरून गर्दीत गाडी बदलण्यापेक्षा हे कधीही बरं. पण साडेसातच्या मॅचला हे जमत नाही. बघ: ९.२५ ला मॅच संपली. स्टँडमधून बाहेर पडून, स्टेशन गाठून, तपासणीच्या रांगेतून फलाटावर यायला २० मिनिटं. घाटकोपरपर्यंत २०. फास्ट लोकल मिळेपर्यंत १०. कल्याणपर्यंत ४०-४५. झाले अकरा. देवगिरी कल्याण साडेदहाच्या सुमारास सोडते. अर्धा तास कमी पडतो, आणि तो भरून काढायचा तर ६०-६५ व्या मिनिटाला उठावं लागतं. एवढं करून जायचं कशाला मग?

पाचची मॅच मात्र अगदी बसते. सात वाजता मोकळे, पावणेनऊपर्यंत कल्याण, निवांत जेवण, आणि साडेदहाला गाडी. म्हणून वेळापत्रक आलं की आधी पाचच्या मॅचवर खूण कर. बंगळूरची मॅच नेमकी साडेसातलाच असेल तर रात्र मुंबईतच काढायची हे आधीच मान्य कर, आणि पहाटे सीएसएमटीहून सव्वासहाच्या आसपास निघणारी तपोवन धर. दिवसाची गाडी आहे, दुपार उलटून परभणी येतं. फलाटावर रात्र काढू असं पोरं म्हणतील. त्यांचं ऐकू नकोस. सीएसएमटीच्या आसपास साधी लॉज बघून ठेव, कारण अंधेरीत झोपलास तर पहाटे पाचला सगळी वरात उठवावी लागेल.

कल्याणला चढायचं ठरलं तर तिकीट काढतानाच बोर्डिंग कल्याण टाक. तिकीट सीएसएमटीहून आणि चढणार कल्याणला, असं केलं की टीसी ठाण्यापर्यंत बर्थ रिकामा बघतो आणि आरएसीवाल्याला, म्हणजे अर्ध्या बर्थवर बसलेल्याला, देऊन टाकतो. त्याचं काही चुकत नाही, नियमच तसा आहे. मग रात्री साडेदहाला दहा पोरांना घेऊन त्याच्याशी वाद घालत बसायचं.

तिकिटाचं आणखी थोडं. आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलंय, आधी १२० होतं. एका पीएनआरवर, म्हणजे एका तिकिटावर, सहा जण, तत्काळला चारच. तुमचे दोन पीएनआर होतील. प्रत्येकात एक मोठा माणूस टाक. तुम्ही दोघं मोठे एका तिकिटावर आणि दुसऱ्यावर नुसती पोरं असं करू नकोस, डबे वेगळे आले की घोळ होतो. वेटिंगचं ऑनलाइन तिकीट चार्ट लागताना कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होतं, त्यावर चढता येत नाही. तत्काळचा भरवसा धरू नकोस. एसीचं आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला, आणि जुलै २०२५ पासून त्याला आधार जोडलेलं खातं लागतं. सणासुदीच्या आठवड्यात ते पाच मिनिटांत संपतं.

मॅचची तारीख बदलते, हेही धरून चाल. टीव्हीवाल्यांमुळं बदलते, पोलिस बंदोबस्तामुळं बदलते. १८ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्यात मोहन बागान-ईस्ट बंगालची ड्युरँड कपची मॅच अशीच रद्द झाली, पोलिस दुसरीकडं गुंतले होते म्हणून. मॅचच्या तिकिटाचे पैसे परत येतात, रेल्वेचा कापलेला पैसा कोण देणार? हा रोग सगळीकडचा आहे. जर्मनीत लोकांनी सोमवारच्या मॅचविरुद्ध एवढा आरडाओरडा केला, की २०२१-२२ पासून त्यांच्या बुंडेसलिगा या लीगनं त्या बंदच केल्या. कामाच्या दिवशी रात्री दूरच्या गावाहून परतायचं म्हणजे मंगळवारचा खाडा ठरलेला. इंग्लंडात प्रीमियर लीगच्या अवे तिकिटाला २०१६-१७ पासून ३० पौंडांची मर्यादा आहे. आपल्याकडं मॅचचं तिकीट स्वस्त, जाण्यायेण्याचाच खर्च मोठा. तेव्हा जातानाचं आणि येतानाचं तिकीट एकाच बैठकीत काढ, आणि त्यातही परतीचं आधी.

‘आपली क्रूझर करून जाऊ, समृद्धीनं सुसाट’ असं कुणीतरी म्हणेलच. जालन्याला समृद्धी महामार्गावर चढलं की भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत रस्ता सरळ, ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. पण अंतर एका बाजूनं ५०० किलोमीटरच्या आसपास, आणि खरी भानगड ड्रायव्हरची. तो रात्रभर गाडी चालवून सकाळी पोचतो. दिवसभर गाडी उन्हात उभी, आत भट्टी, त्याला झोप लागत नाही. तुम्ही मॅच बघता, तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसतो, आणि रात्री दहाला पुन्हा त्यालाच निघायचं. सरळ, वळण नसलेल्या काँक्रीटवर पहाटे दोन ते पाच डोळे मिटतात. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसं गेली, तेव्हाही रात्रीचे दीड वाजले होते. गाडीच करायची तर दोन ड्रायव्हर सांग, किंवा त्या एकाला दुपारी लॉजवर खोली घेऊन दे आणि पैसे सगळ्यांत वाट. निघायच्या आधी टायर बघ. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला. असला म्हातारा टायर पोरांना बसवून तापल्या काँक्रीटवर नेऊ नये. हवा सकाळी गार टायरमध्ये तपासायची, धाब्यावर तापलेल्या टायरमध्ये नाही. तापल्यावर दाब वाढलेला दिसतो आणि माणूस उगाच हवा सोडतो. आणि मोटारसायकलवर यायचं कुणी म्हणालं तर समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, विषय संपला.

मैदानाच्या दाराशी काय अडतं ते पोरांना आधीच सांगून ठेव. पाण्याची बाटली, बाहेरचं खाणं, हेल्मेट, लायटर, बहुतेक ठिकाणी पॉवर बँक आणि नाणीसुद्धा. झेंडा चालतो, काठी चालत नाही. मोठा बॅनर किंवा ढोल न्यायचा तर यजमान क्लबची आधी परवानगी लागते, नाहीतर तो दारातच पडून राहतो आणि परत मिळेल याची खात्री नसते. तिकीट फोनवर असतं, पॉवर बँक आत जात नाही, आणि रात्रभराच्या प्रवासात पोरांनी रील बघून फोन ७ टक्क्यांवर आणलेला असतो. म्हणून एक फोन बंद करून तुझ्या खिशात ठेव. त्यात सगळी तिकिटं, परतीच्या पीएनआरचा स्क्रीनशॉट आणि प्रत्येकाच्या घरचा नंबर. मेट्रोचं परतीचं तिकीटही जातानाच काढ, मॅच सुटल्यावर खिडकीपुढं मारामारी असते.

सामान शक्य तर नेऊच नका. पिशव्या दारात घेत नाहीत आणि मैदानाबाहेर ठेवायला जागा नसते; पानटपरीवाल्याला पैसे देऊन ठेवलेली पिशवी रात्री टपरी बंद झाली की गेली. न्यायचंच असेल तर स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेव. पिशवीला कुलूप लागतं, ते घरूनच घेऊन जा, आणि ज्या स्टेशनवरून परत निघायचं तिथंच ठेव. सीएसएमटीला पिशव्या आणि गाडी कल्याणला, असं व्हायला नको.

पाहुण्यांचा स्टँड वेगळा असतो. बंगळूरचा निळा शर्ट घालून मुंबईच्या स्टँडचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून काढू नकोस, तिथून उठवतात. मॅच संपल्यावर पोलिसांनी पाहुण्यांना थांबवून ठेवलं तर १५-२० मिनिटं जातात, ती वरच्या गणितात धरलेली नाहीत. पोरांना म्हणावं, गोल झाला तरी जिन्यावर धावायचं नाही. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर १६ माणसं मेली ती चेंगराचेंगरीतच.

खाण्याचं घरी सांग. दुधातल्या दशम्या दोन दिवस सहज टिकतात. धपाट्यांत ताक-कांदा घातला तर पहिल्याच संध्याकाळी संपवायचे. शेंगदाण्याची चटणी कोरडी. ठेचा तेलातला नको, झेंड्यावर सांडतो. दारात जायच्या आधी पोटभर खाऊन घ्या, आत वडापावालाही भाव असतो.

रविवारी मॅच असली तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बहुधा सकाळी अकरा ते चार असतो. परभणीहून रात्री निघालेली गाडी त्याआधीच पोचते, पण ती लेट झाली की पुढं लोकलचे वांधे. नॉकआउटची, म्हणजे हरला तो बाहेर अशी, मॅच असेल तर जादा अर्धा तास, वर पेनल्टी, मिळून ४५-५० मिनिटं वाढवून धर. गोव्यात फातोर्ड्याला २०२२ आणि २०२३ अशा सलग दोन फायनल पेनल्टीवर गेल्या. गोव्याहून आपल्याकडं यायला गोवा एक्सप्रेस आहे, मडगाव-मिरज-पुणे-मनमाड करत, पण ती दुपारी निघते. म्हणजे फायनलला गेलात तर मुक्काम ठरलेलाच.

आणि एक सुचवू? पोरं छेत्रीसाठीच जायलेत तर सरळ बंगळूरलाच का जात नाहीत? नांदेड-बंगळूर एक्सप्रेस परभणी, गंगाखेड, परळी, उदगीर, बीदर करत रोज जाते, आणि बंगळूरहून रात्री अकराच्या आसपास परत निघते. कांतीरवा मैदान शहराच्या मधोमध आहे. कब्बन पार्कला मेट्रोत बसलं की तीन स्टेशनं, मॅजेस्टिक; केएसआर रेल्वे स्टेशन तिथंच. साडेसातची मॅच पूर्ण बघून सव्वादहाला स्टेशनवर. अंतर मुंबईपेक्षा कितीतरी जास्त, पण गाडीतच झोप होते आणि धावपळ नाही. फक्त तिकिटावर केएसआर बंगळूर लिहिलंय की एसएमव्हीटी ते नीट वाच. कामांमुळं गाड्या हलवतात, आणि एसएमव्हीटी बैय्यप्पनहळ्ळीकडं आहे, तिथं जायला अर्धा-पाऊण तास जादा धर.

काय ते ठरव आणि पोरांची नावं आधारवर आहेत तशीच, वयासकट, पाठव. बाराच्या आतलं कुणी असेल तर वेगळं लिही. बर्थ घेतला की त्याला पूर्ण भाडं पडतं. वहिनींना नमस्कार, लहानग्यांना आशीर्वाद.

तुझा,
व्यंकट