व्हेपची बाटली आणि डोळ्यांचे ड्रॉप्स एकाच ड्रॉवरमध्ये नकोत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात आमच्या घरी जे होता होता राहिलं ते कळवायलाच हवं म्हणून लिहितोय. मी सिगारेट सुटावी म्हणून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घेतलं होतं, त्यात भरायच्या निकोटीनवाल्या लिक्विडची छोटी बाटली ड्रॉवरमध्ये पडून होती आणि त्याच ड्रॉवरमध्ये आईचे डोळ्यांत घालायचे ड्रॉप्स. रात्री लाईट न लावता तिने बाटली उचलली, मान मागे केली आणि टोपण उघडताना तिला गोड वास आला म्हणून ती थांबली. दोन्ही बाटल्या हातात घेऊन बघितल्या तर तोच आकार, तसंच निमुळतं नोझल! माझे हातपाय गार पडले.

मग बाटली नीट बघितली. घेतली तेव्हा पाण्यासारखी होती, आता तांबूस झालेली, आणि फोडली कधी तेच मला आठवेना. बाटलीवरची डेट ही सीलबंद बाटलीची असते, साधारण एक ते दोन वर्षं, पण एकदा फोडली की हवा आत जाते आणि निकोटीनचं ऑक्सिडेशन सुरू होतं, रंग आधी पिवळट मग तपकिरी होतो, चव तिखट लागते आणि फ्लेवरचा वास उडून जातो. उजेड आणि उष्णता मिळाली की हे सगळं अजून भराभर होतं. म्हणजे खिडकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली बाटली डेटच्या कितीतरी आधी खराब होऊ शकते. मात्र रंगावरच जाऊ नका, व्हॅनिलाचे फ्लेवर नुसते ठेवले तरी गडद होतात. वास आंबट किंवा विचित्र येत असेल, तळाशी गाळ असेल, हलवूनही एकजीव होत नसेल तर सरळ टाकून द्या, पैसे गेले म्हणून ओढत बसू नका. मी आता फोडल्याची तारीख मार्करने बाटलीवरच लिहितो आणि तीन-चार महिन्यांत संपणार नाही एवढं घेतच नाही.

ठेवायची कुठं तर अंधारी, थंड जागा, टोपण घट्ट, बाटली उभी आणि कपाटाला कुलूप. बरेच जण फ्रिजमध्ये ठेवतात, लिक्विड टिकतं हे खरं, पण घरातलं पोर दिवसातून दहा वेळा फ्रिज उघडतं आणि याला वास मिठाईसारखा, त्यामुळे मला ते अजिबात पटत नाही. १० मिलिलिटरच्या बाटलीत दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटीन असेल तर एकूण २०० मिलिग्रॅम झालं, आणि एक सिगारेट ओढल्यावर अंगात जातं साधारण १ ते २ मिलिग्रॅम. लहान मुलाच्या पोटात थोडं जरी गेलं तरी उलट्या, घाम, धडधड, झटके येऊ शकतात आणि जीवावर बेतू शकतं. मुलांना उघडता येणार नाही असं टोपण युरोपियन युनियनमध्ये आणि अमेरिकेत सक्तीचं आहे ते काही उगाच नाही, पण आपणच ते अर्धवट लावून ठेवलं तर त्याचा उपयोग काय?

कातडीवर सांडलं तर लगेच साबण-पाण्याने धुवा, निकोटीन कातडीतूनही आत जातं. डोळ्यात गेलं तर निदान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि डॉक्टर गाठा. गिळलं असेल तर उलटी करायला लावू नका, बाटली सोबत घेऊन हॉस्पिटलला पळा, म्हणजे त्यात निकोटीन किती ते डॉक्टरांना कळेल. आणि जुनं लिक्विड सिंकमध्ये ओतू नका, घरातला घातक कचरा जिथे वेगळा घेतात तिथे बंद बाटलीतच द्या.

आपल्या पेपरात व्हेपिंगच्या तोट्यांवर लेख येतात, ते यायलाच हवेत. पण ज्या घरात ही बाटली आधीच आहे त्या घरातल्या आजीसाठी आणि नातवंडांसाठी एवढी माहिती एका चौकटीत छापावी ही कळकळीची विनंती. आईचे ड्रॉप्स आता तिच्या उशाशी असतात आणि माझी बाटली कुलपात.

आपला,
एक नियमित वाचक