थंडीपूर्वी आमचे घर सावरणाऱ्या गवंडीमामांस अनावृत आभारपत्र

आदरणीय मामा,

सादर नमस्कार.

दिवाळीनंतर आपण आमच्या पेठेतील जुन्या घराची थंडीसाठी जी तयारी करून दिलीत, तिच्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र्याच्या खोल्यांत वयोवृद्ध माणसांना सांभाळणारी कितीतरी कुटुंबे आपल्या सोलापुरात आहेत, आणि आपण सांगितलेल्या गोष्टी त्यांच्याही कानी पडाव्यात म्हणून ते सर्वांसमोर ठेवत आहे.

सोलापूर म्हटले की लोकांना वैशाखातले ऊनच आठवते. परंतु डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडचे कोरडे वारे सुरू झाले आणि आभाळ निरभ्र राहिले की दुपारी ३० अंशांच्या आसपास असलेला पारा पहाटे १५ च्या खाली, कधी कधी १० च्या जवळ उतरतो. सत्तरी ओलांडलेल्या आणि दम्याने बेजार झालेल्या माझ्या आईला हा फरक फार जड जातो.

खरे तर आम्ही आपल्याला मागच्या दाराच्या चौकटीची डागडुजी करायला बोलावले होते. तिथे आईची खाट दिसताच आपण हातातली थापी खाली ठेवलीत आणि एक उदबत्ती मागून घेतलीत. भिंत आणि पत्रा जिथे मिळतात तिथे ती धरली, तेव्हा सरळ वर चाललेला धूर एकदम आडवा होऊन खोलीत पसरला. उंबऱ्यापाशीही तेच झाले. जिथे जिथे धूर वाकला तिथे आपण कोळशाने खुणा केल्यात.

त्यानंतर आपण जे सांगितलेत, त्यासाठी मी आपली सर्वाधिक ऋणी आहे. मोठे काम आपसूक हाती येत असतानाही आपण बिनखर्चाचा उपाय आधी सुचवलात: आईची खाट पुढच्या माळवदाच्या खोलीत हलवा. माळवदावरचा मातीचा जाड थर दिवसभर ऊन पितो आणि ती ऊब रात्री उशिरापर्यंत हळूहळू खाली सोडतो. पत्रा मात्र दिवस मावळताच गार पडतो, निरभ्र रात्री तर भोवतालच्या हवेहूनही थंड होतो, आणि म्हणूनच पहाटे त्याला आतून पाण्याचे थेंब धरतात. मी शाळेत भूगोल शिकवते, उष्णतेचे उत्सर्जन फळ्यावर समजावून सांगते. आपण ते माझा हात पत्र्याला लावून दाखवलेत.

माळवदाच्या खोलीची दक्षिणेकडची खिडकी जुन्या सामानामागे झाकली गेली होती, ती आपण मोकळी करवून घेतलीत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे आता दुपारी ऊन थेट आईच्या खाटेपर्यंत येते आणि ते सरताच आम्ही खिडकी लावून घेतो. शहाबादी फरशीवर सतरंजी आणि तिच्यावर घोंगडी अंथरायलाही आपणच सांगितलेत. मागच्या खोलीत मुले अभ्यासाला बसतात; तिथल्या फटी आपण सिमेंटने बुजवल्यात, दाराला खालून लाकडी पट्टी ठोकलीत आणि पत्र्याखाली वीतभर पोकळी ठेवून प्लायवूडचे छत बसवलेत.

एक गोष्ट मात्र मी आवर्जून लिहिते. आईला रात्री कोळशाची शेगडी उशाशी घेऊन, दारे-खिडक्या लावून झोपण्याची जुनी सवय होती. कोंडलेल्या खोलीत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग असतो ना वास, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे समजणारी घरे आजही आहेत. आपण आईशेजारी बसून, ‘आक्का, ऊब पाहिजे तर दोन चादरी जास्त घ्या, पण शेगडी आत नको,’ असे समजावलेत आणि वरचा झरोका मुद्दाम उघडा ठेवलात. आमचे शब्द न ऐकणाऱ्या आईने आपले ऐकले. शेगडी तेव्हापासून अंगणात आहे, आणि या एका गोष्टीचे उपकार आम्हाला फेडता येणार नाहीत.

माळवदावर पावसाळ्यापूर्वी पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचे आपण ठरवले आहे. त्या कामाला दुसऱ्या कोणाला बोलावणार नाही. त्याआधी गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आपण वहिनींसह जेवायला यावे, असा आईचा आग्रहाचा निरोप आहे. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी ती स्वतः करणार आहे.

आपली कृतज्ञ,
पेठेतील एक शिक्षिका, सोलापूर